कोऱ्या शाईचा फोटो

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांनाच फोन लावत होतो. सकाळचे सव्वानऊ वाजून गेले होते आणि बुधवारी ताई कधी उशिरा येत नसत. बुधवार म्हणजे आमच्या लॅबमधल्या पेशींचं अन्न बदलायचा एक दिवस. एकदा चाकणच्या चौकात कंटेनर आडवा होऊन सगळा रस्ता तुंबला, तर या बाई रिक्षातून उतरून, पदर खोचून, चालत कंपनीत आल्या आणि वर मलाच म्हणाल्या, "तुम्ही गाडीवरून येऊन माझ्यानंतर कसे पोचलात?" त्यामुळे त्या दिवशी मला काळजी वाटत नव्हती, जरा रागच आला होता. त्यांचा नंबर बिझी लागत होता, कारण त्याच फोनवरून त्यांचे यजमान किसनराव मला फोन करत होते. शेवटी त्यांचाच लागला. "नामदेवराव, ती सकाळी उठलीच न्हाई," ते म्हणाले. मी ऐकलं, मला कळलंही, आणि तरी माझ्या तोंडून पहिलं वाक्य गेलं ते असं, "मग आज अन्न कोण बदलणार?" मागे कुणीतरी बाई रडत होती... मी फोन ठेवला, हातमोजे चढवले, आधी बाराही वाट्यांमधलं अन्न बदललं आणि मग महाळुंग्याला गेलो. या गोष्टीची मला लाज वाटते, पण ताईंनी मला नेमकं हेच करायला सांगितलं असतं, हेही खरं.

याला आता दीड महिना होईल. मी काही लिहिणारा माणूस नाही. आयटीआय करून लातूरकडून इकडे आलो, काळेवाडीत खोली केली आणि पुढचं सगळं आयुष्य कंपनीच्या गेटच्या आत गेलं. पण ताईंबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि खरं लिहायचं तर ते मलाच लिहावं लागेल, कारण दुसऱ्या कुणाला ते पुरतं माहीत नाही. कंपनीतल्या शोकसभेत जो उठला तो त्यांच्या एका चित्राबद्दल भरभरून बोलला. दारातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर ते चित्र लावलंय, काळ्या पार्श्वभूमीवर हिरवे ठिपकेच ठिपके. ते चित्र खोटं आहे. ताईंना ते सांगून टाकायचं होतं आणि त्यांना ते मी सांगू दिलं नाही. एवढंच मला लिहायचं आहे, बाकीचं त्याच्या आजूबाजूने येईल.

ताईंचं सासर महाळुंग्याचं. जमीन कंपन्यांसाठी गेली, घर तेवढं राहिलं, आणि आज त्या घराच्या तीन बाजूंना कंपन्यांच्या भिंती आहेत. मागच्या भिंतीपलीकडे पत्रे ठोकून आकार देणारं प्रेसशॉप आहे. प्रेसचा ठोका पडला की फडताळातल्या वाट्या वाजतात. चौथ्या बाजूला रस्ता आहे, पण त्यावर सदा कंटेनर उभे. ताई लॅबमध्ये आमच्याशी शुद्ध पुण्याची भाषा बोलायच्या. घरचा विषय निघाला किंवा डोकं फिरलं की मात्र गावाची भाषा बाहेर यायची. "आमच्याकडं येनारा पावना नाव-गाव इचारत न्हाई, कुठल्या दोन कंपन्यांच्या मधी हाय ते इचारतो," असं त्या हसत सांगायच्या. लग्नाआधी रसायनशास्त्रात एम. एस्सी. केलेली, ती डिग्री घेऊन त्या चाकणच्या एका सीलंटच्या कंपनीत लागल्या. सीलंट म्हणजे इंजिनाच्या जोडात भरतात ती घट्ट पेस्ट. तिथे त्यांनी अठरा वर्षं काढली. पेस्ट दाबली की वाहिली पाहिजे आणि सोडली की जागच्या जागी थांबली पाहिजे, हे त्यांच्या बोटांना कळायचं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात चिमूटभर माल धरून त्या तार ओढत, तार किती लांब जाऊन तुटते ते बघत आणि सांगत, "हा लॉट जाऊ द्या" किंवा "हा परत मळा." मशीनवर तपासणी नंतर व्हायची, आणि ती बहुतेक वेळा ताईंच्याच बाजूने निघायची. मी त्याच कंपनीत ठेकेदाराकडून लागलेला हेल्पर होतो.

मग मालकांचे चिरंजीव परदेशात शिकून आले. त्यांना आम्ही साहेब म्हणतो. माणूस उत्साही, मनाने चांगला, फक्त बातमी पोटात ठेवता न येणारा. त्यांनी कंपनीच्याच आवारात एका गाळ्यात लॅब काढली आणि बायोप्रिंटिंगची शाई बनवायचं ठरवलं. ही शाई कागदावर नाही चालत. जिवंत पेशी एका जेलमध्ये मिसळायच्या, ते जेल सिरिंजमध्ये भरायचं आणि प्रिंटरने एकावर एक बारीक धागे घालत कातडीसारखा तुकडा उभा करायचा. पुढेमागे भाजलेल्या माणसाच्या जखमेवर तो लावता यावा, हा हेतू. ताईंनी प्रिंटर पहिल्यांदा चालताना पाहिला आणि म्हणाल्या, "हा तर चकलीचा सोऱ्या." साहेबांना वाईट वाटलं, पण तेव्हापासून लॅबमध्ये त्या मशीनचं नाव सोऱ्याच पडलं. साहेबांना दाबलं की वाहणारं आणि सोडलं की थांबणारं कळणारा माणूस हवा होता, म्हणून त्यांनी ताईंना घेतलं. ताईंनी हाताखाली मला मागून घेतलं, कारण मी माल न सांडता मळतो, एवढंच कारण त्यांनी दिलं होतं.

जेल तीन वस्तूंचं. समुद्री शेवाळातून निघणारं अल्जिनेट, जिलेटिन, आणि उसाच्या चिपाडातून काढलेले, डोळ्यांना न दिसणारे तंतू. प्रमाण काय ठेवायचं, यातच सगळं मरण होतं. घट्ट केलं तर तुकडा देखणा उभा राहतो, पण आतल्या पेशी चार-सहा दिवसांत मरतात. सैल केलं तर पेशी जगतात आणि तुकडा बशीत बसकण मारतो. सीलंटमध्ये ताईंनी अठरा वर्षं पकड वाढवायचं काम केलं होतं आणि इथे पकडच नडत होती. सुरुवातीच्या बॅचेस इतक्या सुंदर छापल्या जायच्या की साहेब फोटो काढत सुटायचे. ताई मात्र सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढून म्हणायच्या, "धरतंय चांगलं, पन सोडत न्हाई. जिवाला हातपाय पसरायला जागा लागती, कोंडलं की मरतंय." या कामात साहेबांनी बरोबर घेतलेल्या, भाजलेल्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची अट होती की चौदा दिवस पेशी जिवंत राहिल्या पाहिजेत. पेशी जिवंत आहे का ते बघायला एक रंग घालतात. जिवंत पेशीत शिरून तो निळ्या प्रकाशात हिरवा चमकतो, मेलेली पेशी काळोखातच राहते. दीड वर्ष आमच्या चौदाव्या दिवशी काळोख होता.

याच सुमारास मी पर्मनंट झालो. आमच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. या कंपनीत अकरा वर्षं मी ठेकेदाराचा माणूस होतो. दर काही महिन्यांनी मला ब्रेक मिळायचा, गेटपास काढून घेतला जायचा आणि परत मिळेपर्यंत घरात बायकोच्या चेहऱ्याकडे बघायची सोय नसायची. ताईंनी साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकला, दोनदा, तीनदा, आणि एका श्रावणात माझ्या हातात पत्र पडलं. त्यानंतर आली ती खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे कुठल्याही कंपनीत मशीन बंद असतं. धुऊनपुसून त्याला झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. ठेकेदाराच्या माणसाने पूजेत मागे उभं राहायचं असतं. असा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो मागेच उभा राहतो. त्या वर्षी मी पुढे होतो. ताईंनी बजावलं होतं की सोऱ्याला आणि आतल्या खोलीला हात लावायचा नाही, फुलं बाहेरच्या टेबलावर. मी ऐकलं. पण बाहेरच्या खोलीत जेल ढवळायचा मिक्सर होता, तो तर मी रोज चालवत होतो, माझंच अवजार. त्याच्या मोटरच्या टोपणावर मी ओल्या हळदीची पाच बोटं ओढली. ताईंनी बघितलं आणि हसल्या. "छान दिसतंय. उद्या आठवणीनं पुसा मात्र," म्हणाल्या.

मी पुसली नाही. विसरलो म्हणून नव्हे. दुसऱ्या दिवशी दसरा, तिसऱ्या दिवशी कामाला आलो, हातात ओलं फडकंही घेतलं, पण पूजेची हळद आपल्याच हाताने पुसायची, तीही पर्मनंट झाल्यावरच्या पहिल्या पूजेची, हे मनाला पटेना. वाळून आपोआप जाईल म्हटलं. ती गेलीच. मोटर थरथरली की वाळलेली हळद खालच्या बरणीत पडत राहिली, आणि जिलेटिन मुळातच पिवळसर, त्यामुळे कुणाला काही दिसायचं कारण नव्हतं. आता माझी दुसरी करामत. प्रत्येक बॅचबरोबर आम्ही थोडी कोरी शाई, म्हणजे पेशी न घातलेलं नुसतं जेल, बाजूला ठेवून तेही तपासतो. ते काळंच दिसायला हवं. पूजेच्या आधीच्या जुन्या बॅचचं जेल थोडं उरलं होतं, टाकवेना, म्हणून कोरी शाई म्हणून मी तेच भरलं. वाया कशाला घालवायचं! ताईंना हे मी सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे असं मला वाटलं.

चौदाव्या दिवशी ताईंनी निळा दिवा लावला आणि नुसत्याच बघत बसल्या. पडद्यावर हिरवंगार. ठिपक्यांना ठिपका लागलेला. कोरी शाई काळीकुट्ट. ताईंनी साहेबांना बोलावलं आणि साहेब धावत आले, अक्षरशः धावत. ताई म्हणत होत्या की एकदा परत करून बघू या, मग कुणाला सांगू. पण तोवर साहेबांनी फोटो डॉक्टरांना पाठवलाही होता. संध्याकाळी पेढे आले. चार दिवसांत ते चित्र काच लावून दारासमोर टांगलं गेलं, खाली ताईंचं नाव. मला आठवतं, ताई त्या चित्रासमोर उभ्या राहून नाव वाचत होत्या. लग्नानंतर त्यांचं नाव फक्त पगाराच्या स्लिपवर आणि रेशनकार्डावर आलं होतं, असं त्याच म्हणाल्या. त्या दिवसाइतक्या खूश मी त्यांना नंतर कधी पाहिल्या नाहीत.

दहा-बारा दिवसांनी त्यांनी, त्या बॅचचं जेल ज्या बरणीत ढवळलं होतं तिच्यातली उरलेली कोरी शाई घेतली आणि सहज, खात्रीसाठी, दिव्याखाली धरली. मला हाक आली. "नामदेवराव, ह्या वाटीत पेशी घातल्यात का?" मी म्हटलं, "नाही, कोरी आहे." त्या बाजूला सरकल्या आणि मला बघायला लावलं. पडद्यावर तेच हिरवे ठिपके होते. मला खरंच कळलं नाही. त्यांनाही लगेच कळलं नसावं, त्या पाच मिनिटं खुर्चीत बसून राहिल्या. मग उठून बाहेरच्या खोलीत गेल्या, मिक्सरभोवती फिरल्या, टोपणावर उरलेली हळद नखाने खरवडली आणि साध्या जेलमध्ये कालवून दिव्याखाली ठेवली. हळद निळ्या प्रकाशात हिरवी चमकते, हे मला त्या दिवशी समजलं. चौदा दिवसांचं आमचं यश म्हणजे मेलेल्या पेशी आणि माझी हळद. "पहिली कोरी शाई काळी कशी आली मग?" त्यांनी विचारलं, तेव्हा मी जुन्या जेलचंही सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "पुसा म्हटलं होतं ना हो..."

त्या लगेच साहेबांकडे निघाल्या होत्या. हातमोजे काढून कचऱ्यात टाकले, केस सारखे केले. आणि मी दारात उभा राहिलो. "ताई, थोडं थांबा," म्हटलं. "आठ दिवस थांबा. परत बॅच करू, खरोखर जमेल, मग सांगू." त्या म्हणाल्या, "चूक माझी म्हणून सांगते. तुमचं नाव घेत नाही." मी म्हणालो, "हळद कुणी लावली हे साहेब विचारणारच. मी आत्ता पर्मनंट झालोय, अजून प्रोबेशन आहे." माझा आवाज काय झाला होता ते मला माहीत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि परत खुर्चीत जाऊन बसल्या. त्यांनी विरोध केला असता तर मी वाटेतून बाजूला झालो असतो का? झालो असतो, असं लिहायला हात शिवशिवतोय. पण मी झालो नसतो.

आठ दिवसांची तीन वर्षं झाली. पुढच्या सगळ्या बॅचेस चौदाव्या दिवशी काळ्या. साहेब विचारायचे, "ताई, तसं परत का येत नाहीये?" आणि कधी पाणी, कधी हवा, कधी जिलेटिनचा लॉट, अशी कारणं ताई द्यायच्या. खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे बोलून झालं की पाणी पीत. आठवड्यातून तीनदा पेशींना अन्न घालायचं, म्हणजे गावाला जायचं नाव नको. प्रोबेशन संपलं, मी पक्का झालो, तरी मी तोंड उघडलं नाही. तोवर डॉक्टर गुंतले, नवे भागीदार आले, आणि आता सांगितलं तर तीन वर्षं काय करत होता असं विचारतील, ही नवी भीती तयार होती. मधे मोशीच्या एका कंपनीने ताईंना बोलावलं होतं, पद मोठं होतं. त्या गेल्या नाहीत. "माझ्या जागी जो येईल तो पहिल्याच महिन्यात त्या बरणीपर्यंत पोचेल," म्हणाल्या. राहायचं तरी खोटं, जायचं तरी उघडं पडणार. दारातून आत येताना त्या त्या चित्राकडे न बघता भिंतीच्या कडेने यायला लागल्या, आणि मी तर मागच्या शटरने.

एकदा आकुर्डीकडच्या एका कॉलेजात त्यांचं व्याख्यान ठेवलं होतं. साहेबांनीच ठरवलेलं, नाही म्हणायची सोय नव्हती. मी सामान घेऊन बरोबर गेलो. ताई बोलल्या छान, सोऱ्याच्या गोष्टीवर पोरं हसली, आणि शेवटी पडद्यावर ते हिरवं चित्र आलं. टाळ्या झाल्या. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली, काळीसावळी, चष्मा, आवाज बारीक. "मॅडम, कोऱ्या शाईचा फोटो दाखवता का? त्याच बॅचच्या?" म्हणाली. सभागृहात माझ्याएवढं कुणी दचकलं नसेल. ताई तिच्याकडे बघत राहिल्या... मला वाटलं, आता सांगतात. त्यांचे ओठ हललेसुद्धा. मग त्यांची नजर माझ्याकडे आली, आणि त्या म्हणाल्या, "तो आणायचा राहिला." येताना रिक्षाने भोसरीचा पूल ओलांडल्यावर त्या म्हणाल्या, "त्या पोरीला नोकरी द्यायला पाहिजे, नामदेवराव. आपल्या दोघांच्या जागी ती एकटी पुरेल." मी हसलो. त्या हसल्या नव्हत्या.

गेल्या हिवाळ्यापासून त्यांचा डावा खांदा दुखत होता. जिना चढताना थांबायच्या. मी म्हणायचो, दाखवून घ्या. त्या म्हणायच्या, ही बॅच होऊ दे. या शेवटच्या बॅचमध्ये त्यांनी एक केलं होतं, जे सीलंटवाल्या माणसाला करवत नाही. घट्टपणा देणारं अल्जिनेट निम्म्यावर आणलं आणि आकार धरायचं काम चिपाडाच्या तंतूंवर सोडलं. बोटांत तार ओढली तर ती लगेच तुटत होती. "माझ्या अठरा वर्षांत असला माल मी गेटबाहेर जाऊ दिला नसता," त्या म्हणाल्या आणि तोच सोऱ्यात भरला. छापलेला तुकडा जरा बसका झाला, देखणा नव्हता, पण कोसळला नाही. त्या गेल्या तेव्हा त्या बॅचचा नववा दिवस होता.

नवव्यापासून चौदाव्यापर्यंत अन्न मी घातलं. चौदाव्या दिवशी मी एकटाच होतो. या खेपेला आधी कोरी शाई घेतली, याच बॅचच्या बरणीतली. काळी आली. परत घेतली, परत काळी. मग ताईंची वाटी ठेवली. हिरवे ठिपके होते. भिंतीवरच्या चित्रात आहेत तेवढे नव्हेत, निम्मेही नव्हेत, पण काही ठिपके गोल राहिलेले नव्हते, त्यांना बारीक पाय फुटले होते. पेशी पसरल्या होत्या. मी बाईमाणसासारखा नव्हे, बाप्यासारखाच रडलो, भोकाड पसरून, आणि मग दोन्ही फोटो छापून साहेबांकडे गेलो. साहेबांनी चष्मा लावून पाहिलं. "हे आधीच्यापेक्षा फिकं आहे, नाही?" म्हणाले. त्यांना दोष देत नाही. खरं काम खोट्याच्या शेजारी ठेवलं की असंच दिसणार. मग मी सगळं सांगितलं. हळद, जुनं जेल, दारात उभा राहिलो ते, सगळं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "माणूस गेलं, नामदेवराव," ते म्हणाले. "लोकांसाठी ताई म्हणजे ते चित्र. आता ते खोटं होतं म्हणून सांगायचं, म्हणजे त्यांचंच नाव खराब होणार, माझं किंवा तुमचं नव्हे. तुम्हाला पटतंय का बघा." ताई होत्या तेव्हा त्यांना माझ्यासाठी गप्प बसावं लागलं, आता मी त्यांच्यासाठी गप्प बसायचं... दार लावून घ्यायला प्रत्येक वेळी एक चांगलं कारण सापडतच होतं.

म्हणून गेल्या रविवारी किसनरावांकडे गेलो. त्यांनी ‘नको’ म्हटलं असतं तर हा लेख तुम्हाला वाचायला मिळाला नसता. किसनराव आयुष्यभर कंपन्यांच्या गेटवर ठेकेदारीत वॉचमन होते. जी जमीन त्यांची होती तिच्याच गेटवर काही वर्षं उभे राहिले. कायम कधीच झाले नाहीत. त्यांनी मला आतल्या खोलीत बसवलं. तिथे ताईंची खुर्ची खिडकीशी आहे आणि खिडकीबाहेर दोन हातांवर प्रेसशॉपची भिंत. मी चित्राची गोष्ट काढली तर ते मधेच म्हणाले, "ठावं हाय मला. घरी येऊन सांगितलं हुतं तिनं. हळद पडली हुती त्यात." मला हायसं वाटलं. निम्मं सांगायचं काम झालेलं होतं. मी विचारलं, हे छापलं तर चालेल का, लोक ताईंना नावं ठेवतील. ते म्हणाले, "लिवा की. तीन वर्सं तीच जीव टाकत हुती सांगायला. तिच्या हातनं हळद पडली, हे बी लिवा. लपवू नका."

भिंतीपलीकडे ठोका पडला, फडताळ वाजलं. मी म्हटलं, "किसनराव, त्यांच्या हातून नाही पडली. हळद मी लावली होती." त्यांनी मान वर केली. मला वाटलं आता विचारतील, मग इतके दिवस कुठे होता. पण ते वेगळंच काहीतरी जुळवत असल्यासारखे माझ्याकडे बघत होते. "मी तिला म्हनायचो, जा आन् सांगून मोकळी हो," ते सावकाश म्हणाले. "तर म्हनायची, एक मानूस हाय, आत्ता कुठं कायम झालाय, त्यो उघड्यावर पडंल. नाव कवाच घेतलं न्हाई तिनं." ते थांबले. "त्यो तुमी व्हय?"

मी हो म्हणालो.

"मला वाटायचं," किसनराव म्हणाले, "नवीन लागलेलं कुनी कोवळं पोरगं असंल."

मी बावन्न वर्षांचा आहे. हे त्यांना सांगावं लागलं नाही, मी त्यांच्या समोरच बसलो होतो.